बेटावरचा गेरू

जुबैल, शुक्रवार, २२ सप्टेंबर २०१७

सोनल,

तुझी मेल मिळाली. मार्चमध्ये दम्मामच्या विमानतळावर तू 'येते' म्हणालीस, त्यानंतरचा हा तुझा पहिला मजकूर. त्यात दोन प्रश्न आणि एक हुकूम आहे. क्रमाने उत्तरं देतो.

पेटी कपाटावर आहे, तू ठेवलीस तिथेच. लाल मातीची पिशवी तिच्यात असणारच, कारण पेटीला मी हात लावलेला नाही. जाताना तू तसं बजावलं होतंस आणि मला बजावलेलं लक्षात राहतं. नमुन्याचा अर्धा भाग लॅबला आणि अर्धा दुसऱ्या छपराखाली, ही तुमची रीत मला पटली. आम्हीसुद्धा गंजलेल्या पाइपचा तुकडा कापला की असाच दोन ठिकाणी ठेवतो. दुसरं छप्पर म्हणून तू आमचंच निवडलंस, त्यात माया किती आणि फुकटची जागा किती, ते विचारत नाही.

आता हुकूम. 'आईला यातलं काही सांगू नका.' नाही सांगितलं. ज्या कड्याला दोरीवर लटकून तू ती माती काढलीस, तो कडा तिकडच्या हिवाळ्यात समुद्रात कोसळला आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात तू त्याच्या पायथ्याशी उभी होतीस, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. तुझ्या आईचं काय झालं असतं त्याची कल्पना आहे. त्यामुळे मेल आल्याचंच मी तिला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, 'सोनलचं काही आलं का हो?' मी रोज 'नाही' म्हणतो. सोय तुझी, पाप माझं.

फोन करत नाही. तुझ्या त्या बेटावर आवाज एवढा उशिरा पोचतो की आपण दोघं एकदम बोलायला लागतो आणि एकदम गप्प होतो. समोरासमोरही आपलं तसंच होतं. फोटो जोडला तर तुमचं नेट गुदमरतं म्हणतेस, म्हणून हा नुसता मजकूर.

पुण्याची चांगली चाललेली नोकरी सोडून तू दगडांच्या मागे गेलीस, त्या विषयावर मी काही लिहिणार नाही. माझं मत तेव्हा होतं तेच आहे.

पिशवी कुणाच्या हाती आणि कुठे पाठवायची ते कळव.

बाबा


जुबैल, शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०१७

सोनल,

एवढं मोठं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सोबत प्रबंधाचं तिसरं प्रकरणही. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रागात वाचत होतो.

समजलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर खोड. महासागराच्या तळातून ज्वालामुखी वर आला, थरावर थर चढले आणि पाण्याबाहेर डोकं निघालं, ते तुझं बेट. आजूबाजूला दुसरी जमीन औषधालाही नाही, केपटाउनहून बोटीने आठवडाभर नुसतं पाणी. डोंगराने काळा दगड ओतला की तो गप्प बसतो. मग त्या दगडावर वारापाऊस काम करतात, मधूनच राख पडते, त्याची माती होते, गवत येतं. पुन्हा डोंगर उठतो आणि त्या मातीवर उकळता दगड ओततो. माती भाजून लाल होते. म्हणजे दोन काळ्या थरांमधला लाल पट्टा ही डोंगराची झोप. झोप किती लांब होती ते मोजलं की सांगता येईल, हा डोंगर मेलाय की नुसते डोळे मिटून पडलाय. आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव बटाटे लावत बसलंय, त्यातलं कुणी ना कुणी तुला रोज विचारतं, 'आम्ही इथे नवीन घर बांधू का?'

एवढं कळलं. नोकरी सोडण्याइतकं काय आहे त्यात, ते आता थोडं कळलं. थोडंच.

पण पुढचं वाचून मान वर करून कपाटाकडे बघितलं. पहिल्या अर्ध्या मातीचं वय लॅबने असं काढलं की परीक्षक म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा माती काढायला कडाच उरलेला नाही. म्हणजे सगळी भिस्त आमच्या कपाटावर! अगं, हे आधी सांगितलं असतंस तर पेटीखाली निदान सतरंजी तरी घातली असती.

'बाबा, हे वेड मला कसारा घाटात लागलं,' असं लिहिलंयस. आठवतं मला. तुला गाडी लागली होती म्हणून थांबलो होतो. रस्त्यासाठी कापलेला डोंगर, काळा, मध्ये लाल पट्टा, वर पुन्हा काळा. तू विचारलंस, 'बाबा, ते लाल काय आहे?' मी बॉनेट उघडून बसलो होतो. म्हटलं, 'आईला विचार.' आई म्हणाली, 'तो गेरू. डोंगरसुद्धा दिवाळीला सारवून घेतो.' त्यावर तू जाऊन तो पट्टा चाटलास. धपाटा मी घातला होता. आता प्रकरणात वाचतो तर तू अजून चाटतेस, जिभेला चिकटली तर मुरलेली माती, नाहीतर नुसती राख. म्हणजे धपाट्याचा काही उपयोग झाला नाही.

इकडची बातमी. माझ्या खुर्चीवर मिशारी नावाचा सौदी इंजिनियर बसणार. सौदीकरणात आमच्या इन्स्पेक्शन विभागाचा नंबर लागला. मुलगा चांगला आहे, 'मुहंदिस रत्नाकर, मुहंदिस रत्नाकर', म्हणजे 'इंजिनियरसाहेब', करत मागे असतो आणि खरोखर शिकतो, त्यामुळे त्याचा रागही धड करता येत नाही. डिसेंबरअखेर खलास. फायनल एक्झिट, मग नाशिक. आमचं कंपाउंड, म्हणजे ही सगळी वसाहत, निम्मी रिकामी झालीय. बायकामुलांवर फी बसल्यापासून लोक कुटुंबं परत पाठवतायत. शेजारच्या मोहियुद्दीनची कुबरा वहिनीही दिवाळीनंतर श्रीवर्धनला निघणार. तुझ्या आईला तिच्याशिवाय इथे कुणी नाही, पण ती त्याबद्दल बोलत नाही, फराळाची तयारी करते आहे.

तुझी मेल आल्याचं अजूनही सांगितलेलं नाही.

बाबा


जुबैल, भाऊबीज, २१ ऑक्टोबर २०१७

सोनल,

तुझ्या आईने आज सकाळी तुझ्या मामाला फोनवरून ओवाळलं. ताम्हन स्क्रीनसमोर फिरवत होती तेव्हा मामा तिकडून 'नेट गेलं, नेट गेलं' ओरडत होता. चकल्या खुसखुशीत झाल्या. लाडू नेहमीसारखे कडक.

दिवाळीचं सगळं सांगतो, कारण त्यातलं एक सांगावंच लागणार आहे.

इथे रांगोळी दाराबाहेर काढत नाही, ते तुला माहीत आहे. दाराच्या आत तुझी आई प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर काढते. दर वर्षी रडते, 'जुबैलला सोनं मिळतं, गेरू मिळत नाही.' मग पोस्टर कलर फासते, त्याचा रंग चॉकलेटसारखा येतो आणि ती चार दिवस त्या फळीकडे बघत नाही. या लक्ष्मीपूजनाला मी प्लांटवरून आलो तर फळी गर्द लाल. ओल्या विटेसारखी. तिच्यावर पांढरी रांगोळी अशी उठून दिसत होती की मी चपला काढायच्या विसरून बघत राहिलो. बाल्कनीत तुळशीची कुंडीही तशीच लाल.

मोहियुद्दीन आणि कुबरा वहिनी फराळाला आले. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. 'सुनीता, हा रंग गं कुठला? आमच्या गावच्या जांभ्यासारखा दिसतोय.'

तुझी आई म्हणाली, 'सोनलने आणला. बेटावरून.'

माझ्या हातात चकली होती. ती हातातच राहिली.

आत जाऊन स्टुलावर चढलो. पेटी जागेवर होती. बाकीच्या पिशव्यांत दगड होते, ते तसेच होते. तुझ्या लाल मातीची पिशवीही होती, सोनल. धुऊन, वाळवून, नीट घडी करून परत पेटीत ठेवलेली. तुझी आई पिशव्या टाकत नाही.

बाहेर आलो तर ती वहिनींना सांगत होती, 'मागच्या वर्षी मी फोनवर नुसतं म्हटलं होतं, इथे गेरू मिळत नाही म्हणून. पोरीने लक्षात ठेवलं. मार्चमध्ये आली तेव्हा पेटी ठेवून गेली, तोंडाने एक शब्द नाही. स्वभाव बापावर गेलाय ना! आता दिवाळीला साफसफाई करताना उघडली, तर हा गेरू. चिमूटभर जिभेवर ठेवून बघितला, अस्सल आहे.' आणि हसत होती. इतकी वर्षं बघतोय मी तिला. गेल्या दोन वर्षांत, म्हणजे तू आणि मी बोलेनासे झाल्यापासून, ती अशी हसलेली मला आठवत नाही. मोहियुद्दीन म्हणाला, 'क्या बात है, मुलगी असावी तर अशी.' मी 'हो' म्हटलं.

मला वाईट वाटलं. असली वाक्यं मी पत्रात लिहीत नाही, तेव्हा वाच आणि पुढे जा.

तिला अजून काही बोललो नाही. 'आईला सांगू नका' म्हणालीस, मी सांगितलं नाही. पेटीत काय आहे तेही नाही आणि ते कशासाठी हवंय तेही नाही. सांगितलं असतं तर तिने त्या पिशवीला देव्हाऱ्यात ठेवलं असतं. दोष कुणाचा याचा रिपोर्ट मी व्यवस्थित लिहू शकतो, आयुष्यभर तेच केलंय, पण त्याने पिशवी भरणार नाही.

शिव्या द्यायच्या असतील तर मला दे. मेल माझ्याच पत्त्यावर येते.

बाबा


जुबैल, शनिवार, २८ ऑक्टोबर २०१७

सोनल,

शिव्या येतील असं वाटलं होतं. 'किती उरलंय?' एवढंच आलं. शाबास. मीही पाइप फुटल्यावर आधी हेच विचारतो.

मग कामाला लागलो. तुझी आई वहिनींना सामान बांधायला मदत करायला गेली होती. पातळ पातं घेऊन बाल्कनीत बसलो आणि तुळशीच्या कुंडीचा लाल हात खरवडायला लागलो. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. एका बाजूचा निघाला, चमचाभर लाल भुकटी जमली आणि मागून आवाज आला.

'अहो, काय करताय?'

'गंज बघतोय,' मी म्हणालो.

'मातीच्या कुंडीला?'

तिने पातं माझ्या हातातून काढून घेतलं, खरवडलेल्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारणार. पण म्हणाली, 'नोकरी सुटायची म्हणून तुमचं डोकं ठिकाणावर नाहीये. चहा टाकते.'

चहा घेताना मी साळसूदपणे विषय काढला. म्हटलं, गेरू छान होता, सगळा संपला का? ती म्हणाली, 'सगळा भिजत घातला. ढेकळं होती, पाण्यात आपोआप विरली. लाल पाणी फडक्यातून गाळून घेतलं. तळाला सगळी कच राहिली, वाळूसारखी. ती फळीवर आली असती तर बोटाला टोचली असती.'

'मग ती कच फेकलीस?'

'फेकायची कशाला? धुऊन वाळवून ठेवलीय. समया घासायला बरी.'

कॉफीच्या रिकाम्या बरणीत आहे. तळाला दोन बोटं भरेल एवढी. ती ओट्याकडे वळली तेव्हा मी बरणी खिडकीपाशी धरून बघितली. बरेचसे कण काळे आहेत. पण मध्ये मध्ये खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे काही चमकतात. याला तुमच्या भाषेत काही अर्थ आहे का, मला माहीत नाही. खरवडलेली चमचाभर भुकटी कागदात बांधून ठेवलीय, त्यात कुंडीचीही माती आलीच असणार.

लगेच कळव. मी वाट बघतोय.

बाबा


जुबैल, शुक्रवार, १० नोव्हेंबर २०१७

सोनल,

तुझी मेल प्लांटवर, जेवणाच्या सुट्टीत वाचली. मिशारी समोर होता. म्हणाला, 'खैर, मुहंदिस?' सगळं ठीक ना, असं विचारत होता. मी म्हटलं, 'माझ्या बायकोने मुलीचा प्रयोग केला.' त्याला कळलं नाही. मलाही पूर्ण कळायला वेळ लागला.

म्हणजे मातीचं वय मातीत नसतं. त्या मातीत जी राख पडली, तिच्यातल्या काचेसारख्या दाण्यांत असतं. दाण्यात वायू कोंडला जातो, तो मोजतात. आणि ते दाणे काढायचे कसे, तर माती भिजत घालायची, विरू द्यायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, खाली राहील ते धुऊन वाळवायचं. तुझ्या लॅबच्या पद्धतीतली ही पहिलीच पायरी, असं तू लिहिलंस, आणि त्यापुढे उद्गारचिन्हं टाकलीस. यात तुझ्या आईची काही करामत नाही, गेरू असाच करतात. पण तिने खलबत्त्यात कुटला असता तर सगळं संपलं होतं. जुबैलची वाळू मिसळली असेल तर तिचं वय करोडोंनी वेगळं निघेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेचून बाजूला काढता येईल, हेही समजलं. जीव भांड्यात पडला.

आता अडचण ऐक. बरणी ती देत नाही.

मी मागितली. ती म्हणाली, 'कशाला?' मी म्हटलं, 'ऑफिसात दाखवायला.' ती म्हणाली, 'ऑफिसात आता तुमचं कोण आहे दाखवायला?' दोन दिवसांनी म्हटलं, 'एक्झिटच्या सामानात माती नेऊ देत नाहीत.' तर म्हणाली, 'समयांच्या आत भरून नेईन. माझ्या मुलीच्या बेटाची आहे, नाशिकला सगळ्यांना दाखवायचीय.' तुळशीच्या लग्नाला वहिनी नव्हत्या, त्या गेल्या. आम्ही दोघांनीच लावलं. कुंडीची मी खरवडलेली बाजू तिने भिंतीकडे फिरवून ठेवली होती आणि बरणी तुळशीपाशी नैवेद्याशेजारी ठेवली होती. मंगलाष्टकं म्हणताना माझं सगळं लक्ष त्या बरणीवर.

चोरू शकतो. पण तुझी आई वस्तू हरवली की ती सापडेपर्यंत घर उलथंपालथं करते आणि मला तिच्या डोळ्यांत बघून 'मला नाही माहीत' म्हणावं लागेल. तेवढं माझ्याकडून होणार नाही. या वर्षात मी तिच्याशी पुरेसं खोटं बोललोय, तेही तुझ्या सांगण्यावरून.

तेव्हा आता तूच सांग तिला. कार्गोवाला याच महिन्यात सामान न्यायला येणार, समया त्यात जाणार आणि मग ती बरणी समुद्रावर महिनाभर. काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगायचं असेल तर खरं सांग, तुझा प्रबंध आहे, तुला तो हक्क आहे. आईने तुझा कडा दिवाळीत फासला, हे वाक्य मी बनवून बघितलं, पण मला ते तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा तिचा चेहरा मी बघितला. तू बघितला नाहीस, म्हणून सांगतोय.

बाबा


जुबैल, शुक्रवार, १ डिसेंबर २०१७

सोनल,

बरणी पोचली. तुझ्या गाइडबाईंनी मलाही मेलची प्रत पाठवलीय, दाणे भरपूर आहेत, स्वच्छ आहेत, कामाचे आहेत. आकडा यायला काही महिने लागतील. आला की मलाही कळव. त्या गावातल्या लोकांनी घरं बांधावीत की नाही, याची मला आता उगीचच उत्सुकता लागलीय.

तुझा फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो, ते तुला माहीत नसावं. आईने स्पीकर लावला होता, कारण फोन कानाला धरून तिला पातेल्यात ढवळता येत नाही.

तू म्हणालीस, 'आई, गेरू आवडला?'

'आवडला म्हणजे! सगळी कॉलनी विचारत होती.'

मग पलीकडून काहीच नाही. नेट गेलं असं ती म्हणणार, एवढ्यात तुझा आवाज आला, 'तुझ्यासाठीच आणला होता.'

लहानपणापासून तू खोटं बोलण्याआधी एक श्वास जास्त घेतेस. तो श्वास बेटावरून जुबैलला यायला वेळ लागला, पण आला. पुढे तू म्हणालीस, 'खाली कच उरली असेल ना गं? ती मात्र मला दे. माझ्या कामाची आहे.' तुझी आई म्हणाली, 'अगं, मग आधी नाही का सांगायचं!' आणि गॅस बंद करून बरणी घेऊन आली, मलमलच्या फडक्यात बांधली, माझ्या पुढ्यात ठेवली. 'यल्ला, उठा. कुरिअरचं दुकान उघडं असेल.' जी बरणी ती मला इतके दिवस देत नव्हती, ती तुझ्या एका वाक्यात मिळाली.

मला तुझा अभिमान वाटला. खोट्याबद्दल नव्हे. पण खोट्याबद्दलही.

इथे पत्र संपवायला हवं होतं. पण काल सामान बांधताना एक गोष्ट झाली. तुझी आई समया वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, 'तो गेरू नव्हता ना हो?'

मी टेप शोधायला लागलो. ती म्हणाली, 'तुम्ही मातीच्या कुंडीला गंज आलाय म्हणालात, तेव्हाच शंका आली. मग पेटी पुन्हा काढून बघितली. सगळ्या पिशव्यांवर सारखे नंबर. त्या पिशवीवरही होता, मी धुतला तेव्हा अर्धा पुसला गेला. आईसाठी आणलेल्या गेरूवर कोण नंबर घालतं?'

मी विचारलं, 'रडलीस?'

'थोडी. तुम्ही प्लांटवर होतात.'

'अगं, पण मग बरणी का अडवून धरलीस? मी इतका मागत होतो!'

तिने समईला दोरी बांधली, गाठ दातांनी आवळली आणि म्हणाली, 'तुम्हाला देऊन काय करू? तिने मागावी म्हणून ठेवली होती. तिला गरज आहे म्हटल्यावर ती फोन करणार. आठ महिने झाले, आवाज ऐकला नव्हता मी तिचा.'

मी खाली बसलो. कार्गोच्या खोक्यावर बसलो, ते थोडं चेपलं.

'आणि ती म्हणाली ना, तुझ्यासाठीच आणला म्हणून,' तुझी आई म्हणाली. 'तिला माहीत होतं मी काय केलंय ते, तरी म्हणाली. मला पुरे आहे. आता तिला हे सांगू नका.'

सोनल, या घरात प्रत्येकाने मला काही ना काही 'सांगू नका' म्हणून बजावलेलं आहे आणि मी इमानाने गप्प बसलो, म्हणून तुझा कडा आमच्या दाराच्या आत सारवला गेला. तेव्हा आता सांगतो आहे. तिला माहीत आहे. तुला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. तुम्ही दोघी एकमेकींशी फार छान खोटं बोललात. आता जरा खरं बोला, मला मध्ये घेऊ नका.

मिशारीने काल माझी खुर्ची घेतली नाही, म्हणाला, तुम्ही जाईपर्यंत मी बाजूच्या स्टुलावर बसतो. महिनाअखेरीस आम्ही निघतो. लाल फळी तुझी आई बरोबर घेतेय, पुसू दिली नाही.

पुढच्या दिवाळीला नाशिकला ये. येताना काही आणू नकोस. गेरू रविवार कारंज्यावर मिळतो.

बाबा